वस्तीतील सुट्टीच्या बायबल शाळेसाठी स्वयंसेवकांची तयारी : फेब्रुवारी ते जून

शाळांना उन्हाळी सुट्टी लागली की महाराष्ट्रातील अनेक ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, सुट्टीच्या बायबल शाळेची, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या व्हीबीएसची (व्हेकेशन बायबल स्कूल), धावपळ सुरू होते. अभ्यासक्रमाची पुस्तके एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात येतात, परीक्षा संपवून आलेल्या तरुण संघातील मुलामुलींना एका दुपारी बसवून चार कृतिगीते शिकवली जातात आणि सोमवारी सकाळी शिबिर उघडते. मंडळीतल्याच मुलांसाठी एवढी तयारी कशीबशी पुरते, कारण मुले ओळखीची असतात, त्यांचे आईवडील मागच्या बाकावर बसलेले असतात आणि चूक झाली तर ती घरातल्या घरात सांभाळली जाते. मात्र तेच शिबिर गोवंडी-मानखुर्दच्या झोपडपट्टीत, पुण्याच्या येरवड्यातल्या एखाद्या वसाहतीत किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या गावात घ्यायचे असेल, तर एका दुपारची तयारी मुलांवर अन्याय करणारी ठरते. अशा ठिकाणी गाणी, गोष्टी आणि हस्तकला हा तयारीचा लहान भाग असतो; मुलाचा दिवस कसा जातो हे स्वयंसेवकाला आधी कळणे हा मोठा भाग असतो. पुढील मांडणी त्याच क्रमाने केलेली आहे.

या सेवेची पाळेमुळे गरीब वस्तीत आहेत, हे स्वयंसेवकांना पहिल्याच बैठकीत सांगावे. १८९८ साली न्यूयॉर्कच्या ईस्ट साइड भागात, दाटीवाटीच्या चाळींमध्ये राहणाऱ्या स्थलांतरित मजुरांची मुले उन्हाळाभर रस्त्यावर फिरताना पाहून एलायझा हॉज या बाईंनी बिअर विकण्याची एक जागा भाड्याने घेतली आणि तेथे सकाळचे वर्ग भरवले. १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी हीच पद्धत शहरातल्या इतर मंडळ्यांपर्यंत नेली. चर्चची सुसज्ज इमारत, छापील टी-शर्ट आणि मोठा ध्वनिवर्धक या सगळ्या गोष्टी फार नंतरच्या आहेत आणि त्यांच्याशिवाय शिबिर उत्तम होते.

पहिले पाऊल : वस्तीत जाणे

फेब्रुवारीत काम सुरू करावे आणि पहिले चार आठवडे पुस्तकाला हात लावू नये. होणाऱ्या स्वयंसेवकांना दोघादोघांच्या जोड्यांनी, शक्यतो एक स्त्री आणि एक पुरुष असे, वस्तीत पाठवावे. सोबत काही वाटायला देऊ नये, कारण पहिल्या भेटीत हातात खाऊची पिशवी दिसली की पुढच्या सगळ्या भेटी त्या पिशवीच्या होतात. भेटायचे ते अंगणवाडी सेविकेला, आशा ताईंना, बचत गटाच्या अध्यक्ष बाईंना आणि समाजमंदिराची किल्ली ज्यांच्याकडे असते त्या गृहस्थांना. त्या भागातली मुले कोणती, कोण शाळा सोडून बसले आहे, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे या चौघांना शाळेच्या हजेरीपटापेक्षा जास्त ठाऊक असते.

या भेटींतून काही नेमक्या प्रश्नांची उत्तरे आणावीत. नळाला पाणी किती वाजता येते, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. ज्या वेळी पाणी येते त्या वेळी दहा वर्षांची मुलगी हंडा घेऊन रांगेत उभी असते आणि शिबिराची वेळ तीच ठेवली तर ती मुलगी पाचही दिवस येत नाही. गावाकडे हाच प्रश्न टँकरच्या वेळेविषयी विचारावा. धाकटी भावंडे कोण सांभाळते, हा दुसरा प्रश्न आहे. आई धुणीभांडी करायला किंवा बांधकामावर गेलेली असते, म्हणून थोरल्या मुलीच्या कडेवर दीड वर्षाचे बाळ असणारच, असे धरून चालावे. ‘बाळाला आणू नकोस’ असे तिला सांगणे म्हणजे तिलाच येऊ नकोस असे सांगणे होय. त्यासाठी महिला मंडळातील दोन वयस्क बायकांनी चटई, पाण्याचा माठ आणि चार खेळणी घेऊन एक कोपरा सांभाळावा. मंडळीतल्या ज्या आजींना ‘आता आमच्याकडून काय होणार’ असे वाटत असते, त्यांच्यासाठी याहून उपयोगी काम सापडणार नाही.

तारखा ठरवण्याआधी वस्तीचे कॅलेंडर पाहावे. १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, त्या वर्षीचा रमजान, गावची जत्रा आणि लग्नसराईतील दाट तिथी टाळाव्यात. मराठवाड्यातील आणि अहिल्यानगरच्या कोरडवाहू पट्ट्यातील ऊसतोड कुटुंबे गाळप हंगाम संपल्यावर साधारण मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात, त्यामुळे तेथे मे महिना सोयीचा पडतो; मात्र ही मुले अनेक महिने शाळेपासून तुटलेली असू शकतात, आणि वाचता येईलच असे गृहीत धरलेली कार्यपुस्तिका त्यांच्या हाती दिली की ती गप्प होऊन मागे सरकतात.

दुसरे पाऊल : माणसे निवडणे

गाता येते किंवा मोकळ्या स्वभावाचा आहे, एवढ्यावर कोणाची निवड करू नये. प्रत्येकाकडून लेखी अर्ज घ्यावा, पाळक (मंडळीचे धर्मगुरू) आणि संडे स्कूलचे, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गाचे, एक अनुभवी शिक्षक यांनी मिळून मुलाखत घ्यावी, कुटुंबाबाहेरच्या दोन व्यक्तींकडे चौकशी करावी आणि अठरा वर्षांवरील प्रत्येकाचा पोलिसांकडून मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागावा. ‘आपल्याच मंडळीतला मुलगा आहे, त्याच्याकडे दाखला कसा मागायचा’ हा संकोच सर्वत्र आढळतो. त्यावर उपाय एकच, की पाळकांनी स्वतःचा दाखला सर्वांत आधी फाइलला लावावा.

दहा मुलांमागे दोन प्रौढ हे प्रमाण मी किमान मानतो. पंधरा-सोळा वर्षांची मुले मदतनीस म्हणून फार चांगले काम करतात, परंतु त्यांना प्रौढांच्या संख्येत धरू नये. कायद्याने तीही बालकेच आहेत आणि त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारीही आपलीच असते. याशिवाय त्याच वस्तीत वाढलेले निदान दोन तरुण गटात असावेत. वस्तीची बोली, तेथले वाद आणि तेथला विनोद बाहेरून आलेल्याला आठ आठवड्यांत शिकता येत नाही.

तिसरे पाऊल : संमती आणि उघडपणा

हे शिबिर ख्रिस्ती आहे, येथे येशूच्या गोष्टी सांगितल्या जातील आणि प्रार्थना होईल, ही गोष्ट पालकांना घरी जाऊन, त्यांच्या भाषेत, स्पष्ट शब्दांत सांगावी. ‘उन्हाळी संस्कार वर्ग’ असा मोघम फलक लावून आत वेगळेच काही शिकवणे हे अप्रामाणिक आहे आणि त्याची किंमत शेवटी वस्तीतल्याच ख्रिस्ती कुटुंबांना मोजावी लागते. संमतिपत्र साध्या मराठीत, एका पानाचे असावे. ज्या वस्तीत हिंदी किंवा उर्दू वाचली जाते तेथे त्या लिपीतही असावे. वाचता न येणाऱ्या पालकांना ते शेजाऱ्यांसमक्ष वाचून दाखवावे आणि मगच सही किंवा अंगठा घ्यावा. प्रार्थनेच्या वेळी मूल बाहेर बसू शकते, हेही त्याच पत्रात लिहावे आणि ते खरोखर पाळावे.

कायद्याची बाजू स्वयंसेवकांना अर्ध्या तासात समजावता येते. संविधानाचे कलम २५ धर्म आचरण्याचे आणि त्याचा प्रचार करण्याचे स्वातंत्र्य देते. मात्र प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटले आहे. कलम २८ नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुलाला पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत बसवता येत नाही. म्हणून मिशन शाळेची इमारत सुट्टीत वापरायची असेल तर संमतिपत्रांबाबत जराही ढिलाई करू नये. अनेक राज्यांत धर्मांतराविषयी स्वतंत्र कायदेही आहेत, तेव्हा त्या वर्षी आपल्या राज्यात काय लागू आहे हे तारखा ठरवण्याआधी वकिलाला विचारून घ्यावे. शिबिराची जागा, वेळ आणि जबाबदार व्यक्तीचे नाव स्थानिक पोलीस ठाण्याला आणि गावात ग्रामपंचायतीला लेखी कळवावे.

येथे माझे एक मत आहे आणि अनेक पाळकांना ते पटत नाही. ‘ज्यांना येशूला स्वीकारायचे आहे त्यांनी हात वर करा’ हा प्रकार लहान मुलांच्या शिबिरात, विशेषतः इतर धर्मांच्या घरांतून आलेल्या मुलांसमोर, करू नये. आठ वर्षांचे मूल ताईला आवडावे म्हणून हात वर करते. वह्या-दप्तरे हजेरीशी किंवा बायबलमधील वचन पाठ करण्याशी जोडणे याच कारणाने टाळावे. द्यायचेच असेल तर प्रत्येकाला सारखे द्यावे, नाहीतर देऊ नये. मंडळीच्या अहवालात ‘इतक्या मुलांनी निर्णय घेतला’ असा रकानाच ठेवू नये, म्हणजे तो भरण्याचा मोहही होत नाही.

चौथे पाऊल : मुलांची सुरक्षितता

प्रशिक्षणाचे दोन पूर्ण शनिवार या एका विषयाला द्यावेत. काही नियम लेखी असावेत आणि प्रत्येकाने त्यांवर सही करावी. कोणताही प्रौढ एका मुलासोबत बंद खोलीत एकटा राहणार नाही. शौचालयाकडे मुलींना नेताना दोन स्त्री स्वयंसेविका जातील. सार्वजनिक शौचालय लांब असेल तर ही व्यवस्था आधी चालून पाहावी, आणि प्रथमोपचाराच्या पेटीत सॅनिटरी पॅड ठेवावेत. मारणे, कान पिळणे, उन्हात उभे करणे, सर्वांसमोर लाजवणे यांपैकी काहीही चालणार नाही. कोणी मुलाचा किंवा पालकाचा मोबाइल नंबर वैयक्तिक गप्पांसाठी घेणार नाही. ओळखू येईल असा मुलांचा एकही फोटो कोणाच्या स्टेटसवर जाणार नाही. फाटके कपडे घातलेल्या मुलांची छायाचित्रे दाखवून देणग्या मागण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. ती याच पिढीने मोडावी.

नावाच्या पट्टीवर फक्त मुलाचे नाव लिहावे, आडनाव लिहू नये. आपल्याकडे आडनावावरून जात ओळखली जाते आणि मुले ती मोठ्यांपेक्षा लवकर ओळखतात. संपूर्ण नाव नोंदवहीत असावे आणि ते घरभेटीतच लिहून घेतलेले असावे, म्हणजे शिबिरात रांगेत उभे करून विचारण्याची वेळ येत नाही. गट पाडताना एकाच आळीची मुले एकत्र राहणार नाहीत, पाण्याचा पेला सर्वांचा एकच असेल आणि ‘तुझ्या हातचे नको’ असे कोणी म्हटले तर काय करायचे, याचा सराव अगोदर करावा. अशा वेळी भाषण देऊ नये. स्वयंसेवकाने त्याच मुलाच्या हातून पाणी घेऊन प्यावे आणि खेळ पुढे चालू ठेवावा.

सर्वांत अवघड सराव अत्याचाराविषयी मूल बोलू लागते त्या क्षणाचा असतो. बैठकीत एकीने मुलीची भूमिका घ्यावी आणि ‘ताई, कुणाला सांगू नका हं’ असे म्हणून बोलायला सुरुवात करावी. स्वयंसेविकेने काय म्हणायचे, हे शब्दशः पाठ करून घ्यावे : ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही. मी हे गुपित ठेवेन असं मला म्हणता येणार नाही, कारण तुला मदत करू शकणाऱ्या माणसाला मला सांगावं लागेल.’ त्यानंतर खोदून प्रश्न विचारू नयेत, तपास आपण करू नये, ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याला गाठू नये, आणि मुलीने वापरलेले शब्द जसेच्या तसे त्याच दिवशी, वेळेसह लिहून ठेवावेत.

पुढचा मार्ग कायद्याने ठरलेला आहे. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या कोणाही व्यक्तीने ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीच्या गुन्ह्याची माहिती न दिल्यास शिक्षा एक वर्षापर्यंत जाते. सद्हेतूने माहिती देणाऱ्याला मात्र कायदा संरक्षण देतो. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आणि ११२ हा पोलिसांचा क्रमांक प्रत्येकाच्या ओळखपत्राच्या मागे छापावा. आरोप मंडळीतल्याच कोणावर असेल तर ‘आपण आधी कमिटीत बसून पाहू’ ही सूचना हमखास येते. प्रशिक्षणातच सर्वांना सांगून ठेवावे, की अशी सूचना ऐकली जाणार नाही.

पाचवे पाऊल : गोष्ट सांगण्याचा सराव

पाच दिवसांना पाच गोष्टी पुरतात. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातील जक्कय पहिल्या दिवसासाठी उत्तम आहे : बुटका जकातदार, गर्दी, उंबराचे झाड, आणि सर्वांसमोर नावाने मारलेली हाक. वस्तीतल्या मुलांना वसुलीसाठी दारात येऊन बसणारा माणूस चांगला माहीत असतो, त्यामुळे जकातदाराविषयी लोकांना राग का होता हे वेगळे समजवावे लागत नाही. आणि तो माणूस लुबाडलेले चौपट परत करीन असे म्हणतो, तेव्हा मुले खरोखर चकित होतात. चांगल्या शोमरोन्याची, हरवलेल्या मेंढराची आणि वादळात तारवात झोपलेल्या येशूची गोष्टही अशीच पोहोचते.

काही गोष्टी सांगताना सावध राहावे लागते आणि तयारीचा खरा कस तेथेच लागतो. उधळ्या पुत्राच्या गोष्टीतील प्रेमळ बाप ऐकताना काही मुलांच्या डोळ्यांपुढे दारू पिऊन आईला मारणारा बाप उभा राहतो. म्हणून ‘देव आपल्या बाबांसारखा आहे’ असे सरसकट म्हणू नये; गोष्टीतला बाप काय करतो, तेवढेच सांगावे आणि तुलना मुलांवर सोडावी. पाच हजारांना जेवू घातल्याची गोष्ट उपाशी मुलांना सांगू नये, नाश्ता झाल्यावर सांगावी. बरे करण्याच्या चमत्कारांच्या गोष्टी सांगताना ‘प्रार्थना केलीस तर तुझी आई बरी होईल’ असे वचन कोणीही देऊ नये, कारण ते पाळणे आपल्या हाती नसते आणि आई वारली तर तिच्या मरणाचा दोष ते मूल स्वतःच्या प्रार्थनेला देते. प्रार्थना जरूर करावी, आणि त्याच वेळी सरकारी दवाखान्यात कोणत्या दिवशी कोणते डॉक्टर असतात हेही सांगावे.

सरावाची पद्धत अशी ठेवावी : प्रत्येकाने गोष्ट पुस्तक न पाहता सात मिनिटांत सांगायची आणि बाकीच्यांनी सहा-सात वर्षांची मुले होऊन ऐकायची, म्हणजे मध्येच उठायचे, प्रश्न विचारायचे, भांडायचे. ‘तारण’, ‘पश्चात्ताप’, ‘अभिषेक’ असा शब्द आला की ऐकणाऱ्याने टाळी वाजवायची आणि सांगणाऱ्याने तेच साध्या शब्दांत पुन्हा सांगायचे. पहिल्या फेरीत टाळ्या इतक्या वाजतात की गोष्ट पुढेच सरकत नाही. तिसऱ्या फेरीनंतर बहुतेकांची भाषा सुटते.

गीते, खेळ आणि हस्तकला

इंग्रजी चालींची रेकॉर्ड लावून नाचण्यापेक्षा ढोलकी आणि टाळ घेऊन गाणारी दोन माणसे गाठावीत. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी भजन-कीर्तनाची परंपरा मराठी ख्रिस्ती उपासनेत जोपासली, ती वस्तीत लगेच रुजते. शिवाय वीज गेली तरी गाणे थांबत नाही. खेळांत लगोरी, लंगडी, विषामृत घ्यावेत. ‘आउट’ झालेले मूल बाजूला बसून राहणार नाही, असा नियमात बदल करून घ्यावा.

हस्तकलेसाठी जुन्या लग्नपत्रिका फार उपयोगी पडतात, पण त्या घरून निवडून आणाव्यात. बहुतेक पत्रिकांवर गणपती किंवा कुलदैवत छापलेले असते, आणि शिबिरात त्यावर कात्री चालली तर मुलाला आणि त्याच्या घराला दुखावल्यासारखे होते. वर्तमानपत्रातील शिवाजी महाराजांची, बाबासाहेबांची छायाचित्रे असलेली पानेही आधीच वेगळी काढावीत.

ऊन, पाणी आणि खाणे

वेळ सकाळी साडेसात ते साडेदहा ठेवावी. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर गेले की हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार करू लागते, आणि विदर्भात मे महिन्यात हा आकडा रोजचाच असतो. पत्र्याच्या समाजमंदिरात साडेदहानंतर बसवत नाही. चक्कर, कोरडी जीभ, गुंगी ही लक्षणे ओळखायला प्रत्येकाला शिकवावे. ओआरएसची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवावी; पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाच्या लहान चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. गुंगी आलेल्या मुलाला तोंडाने काही न देता सावलीत नेऊन अंग ओले करावे आणि १०८ वर फोन करावा. आपल्या मनाने कोणतीही गोळी देऊ नये.

सुट्टीत शाळेतले मध्यान्ह भोजन बहुतेक ठिकाणी बंद असते. दुष्काळग्रस्त भागात ते सुट्टीतही द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ च्या आदेशात म्हटले होते. आपल्या तालुक्यात ते चालू आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारावे. शिबिरात आल्याबरोबर नाश्ता द्यावा, शेवटी नव्हे, कारण बरीच मुले काही न खाता आलेली असतात. साठ मुलांना तीन-साडेतीन किलो पोहे, शेंगदाणे घालून, पुरतात. एखाद्या दिवशी केळी किंवा चिक्की. उकडलेले अंडे उत्तम, पण पालकांना विचारूनच. स्वयंपाक वस्तीतल्याच बचत गटाला पैसे देऊन करायला सांगावा.

रंगीत तालीम आणि रोजची बैठक

शिबिराच्या आदल्या शनिवारी संपूर्ण सकाळ घड्याळ लावून, त्याच जागेत, मंडळीतल्या वीस मुलांना घेऊन पार पाडावी. तालमीत एक मूल हरवल्याचे आणि एक पडून लागल्याचे नाटक, कोणालाही आधी न सांगता, करावे. कोण कोणाला हाक मारतो आणि कोण नुसता धावतो, ते तेथे कळते.

शिबिर चालू असताना रोज साडेदहानंतर चाळीस मिनिटे बसावे. कोण आले नाही, कोण एकटे बसले, कोणी कोणाला मारले, कोणती गोष्ट समजली नाही, एवढेच बोलावे. कौतुकाची भाषणे समारोपासाठी राखून ठेवावीत. न आलेल्या मुलाच्या घरी त्याच संध्याकाळी जोडीने जाऊन यावे.

जूनमधील काम

शाळा उघडल्यावर शिबिरातल्या किती मुलांची नावे पटावर आहेत, हे शाळेत जाऊन पाहावे. ज्यांची नाहीत त्यांच्या पालकांसोबत मुख्याध्यापकांकडे जावे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जवळच्या शाळेत प्रवेश मिळतो आणि जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून तो नाकारता येत नाही. जमाखर्च मंडळीसमोर आणि बचत गटाच्या बायकांसमोरही वाचून दाखवावा. संमतिपत्रे आणि नोंदवही पाळकांच्या कुलूपबंद कपाटात ठेवावी, स्वयंसेवकांच्या फोनमधील याद्या पुसून टाकाव्यात, आणि पुढच्या फेब्रुवारीत नव्या गटाला वस्तीची ओळख करून देण्यासाठी यंदाच्या दोन जोड्यांची नावे आत्ताच ठरवून ठेवावीत.